हे बिल कुणी भरलं?

अब्राहम लिंकननी हॉटेलचं बिल थकवलं होतं. सहकुटुंब दहा दिवसांचा मुक्काम, रक्कम ७७३ डॉलर ७५ सेंट. बाल्टिमोरमध्ये घातपात होणार अशी कुणकुण लागली म्हणून २३ फेब्रुवारी १८६१ च्या पहाटे ते लपतछपत वॉशिंग्टनला पोचले आणि विलर्ड हॉटेलात उतरले. ४ मार्चला शपथविधीला गेले ते इथूनच. पैसे चुकते केले ते राष्ट्राध्यक्षपदाचा पहिला पगार हातात आल्यावर. त्या बिलाची प्रत हॉटेलने आपल्या छोट्याशा इतिहासदालनात लावून ठेवली आहे. ती वाचायला आईने जेवढा वेळ घेतला, तेवढा तिने आमची खोली बघायलाही घेतला नव्हता.

आईची अख्खी नोकरी बँकेत गेली. कागदावर आकडा दिसला की तिचा हात आधी चष्म्याकडे जातो. "पगार किती होता गं यांना?" वर्षाला २५,००० डॉलर, मी सांगितलं. तिने ओठांतल्या ओठांत भागाकार केला. "म्हणजे महिन्याचे दोन हजार आणि वर थोडे. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त हॉटेलातच घातले की! तेही नोकरीवर रुजू व्हायच्या आधी, उधारीवर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आपलं किती होणार आहे?"

आपलं शून्य, मी म्हणाले. याच साखळीच्या हॉटेलांत राहून जमवलेल्या पॉइंट्सवर आहे. फुकट.

"फुकट असं काही नसतं," आई म्हणाली. "कुणाच्या तरी नावे टाकलेलं असतं. कुणाच्या, ते तुला ठाऊक नाही एवढंच."

हे मला लागलं. कारण ते पॉइंट मी कष्टाने जमवलेत असं माझं ठाम मत होतं. माझं काम गोदामांमध्ये सॉफ्टवेअर बसवून द्यायचं. गोदामं शहरात नसतात. जिथे जमीन स्वस्त आणि ट्रकना वळायला जागा, तिथे असतात, आणि तिथली हॉटेलंही तशीच, हमरस्त्याच्या एक्झिटला लागून. खिडकीतून पार्किंग दिसतं, पार्किंगपलीकडे पेट्रोलपंप, त्याच्या पलीकडे पुढचं हॉटेल. सकाळी नाश्त्याला एक यंत्र असतं. त्याच्यापुढे हात हलवला की ते आपसूक पॅनकेक बाहेर ढकलतं. रात्री जाग आली तर आपण कुठल्या राज्यात आहोत हे आठवायला थोडा वेळ लागतो. बाथरूमचा दिवा मात्र अंधारातही बरोबर सापडतो, कारण तो सगळीकडे एकाच जागी असतो. मी या खोल्यांना नावं ठेवत नाही. थकून आलेल्या माणसाला आश्चर्याचे धक्के नकोच असतात. पण वर्षानुवर्षं अशा खोल्यांत झोपल्याच्या बदल्यात कुठेतरी एक आकडा वाढत होता, आणि तो आकडा म्हणजे माझी स्वतःची कमाई असं मी धरून चालले होते.

मुक्कामाचे पैसे कंपनी देत होती. कंपनी ते ग्राहकाकडून घेत होती. पॉइंट तेवढे माझ्या नावावर. यात लबाडी नाही, ही सगळी व्यवस्थाच तशी रचलेली आहे. हॉटेलला ठाऊक असतं की पैसे एकजण देतो आणि हॉटेल दुसराच निवडतो, तेव्हा निवडणाऱ्याला खूश ठेवायचं. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने विमानप्रवाशांसाठी मैलांची योजना काढली, ती याच धोरणाने. हॉटेलांत ही कल्पना पहिल्यांदा आणली हॉलिडे इनने, १९८३ साली. मॅरियटनेही त्याच वर्षी आपली योजना काढली. दुकानात खरेदीवर चिकटवायचे स्टँप देऊन ते साठले की वस्तू द्यायच्या, हा प्रकार अमेरिकेत त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होता. नवं एवढंच, की आता स्टँप मिळवणारा आणि पैसे देणारा ही दोन वेगळी माणसं झाली.

आता हॉलिडे इनची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती वॉशिंग्टनच्याच एका सहलीतून निघाली आहे.

१९५१ च्या उन्हाळ्यात मेम्फिसचा एक घरबांधणी व्यावसायिक, केमन्स विल्सन, बायको आणि पाच मुलांना गाडीत घालून राजधानी बघायला निघाला. वाटेतल्या मोटेलांनी त्याचं डोकं फिरवलं. खोल्या कोंदट, आणि वर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा. मुलं झोपणार आई-बापांच्याच खोलीत, मग हे कसले पैसे? माणूस हिशेबी आणि हट्टी. त्याने तिथेच ठरवलं, की आपण स्वतः अशी हॉटेलं काढायची जिथे मुलांचे पैसे लागणार नाहीत. वाटेवरच्या खोल्या तो मोजपट्टी लावून मोजत राहिला म्हणतात. १९५२ च्या ऑगस्टमध्ये मेम्फिसमध्ये पहिलं हॉलिडे इन उघडलं. विल्सनचं स्वप्न राजेशाही थाटाचं नव्हतं. कुठेही जा, तीच खोली मिळेल, एवढंच त्याला लोकांना सांगायचं होतं. अंधारात दिव्याचं बटण सापडतं ते त्याच्या कृपेने.

१९६८ साली हॉलिडे इनने टेक्सासमध्ये आपलं हजारावं हॉटेल उघडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये विलर्ड हॉटेल बंद पडलं.

या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या ठिकाणी वाचल्या होत्या. एकाशेजारी एक ठेवल्यावर जरा थांबले. एकीकडे १९०१ साली हेन्री हार्डनबर्गने आराखडा काढलेली बारा मजली इमारत; हाच गृहस्थ न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलचाही वास्तुविशारद. व्हाइट हाउसच्या दोन चौक अलीकडे, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर. दुसरीकडे कुठल्याही एक्झिटवर उभी राहणारी चौकोनी खोकी. लोक कुठे गेले ते उघड आहे. अर्थात विलर्ड केवळ त्यामुळे बुडालं नाही. शहराचा तो भाग आधीच उतरणीला लागला होता आणि एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर वॉशिंग्टनमध्ये ज्या दंगली झाल्या त्यांपायी उरलंसुरलं गिऱ्हाईकही गेलं. पुढे इमारत पाडायचीही भाषा झाली, तिथे मोठा चौक करायचा म्हणून. अठरा वर्षं हे हॉटेल रिकामं पडून होतं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, इंटरकॉन्टिनेन्टलच्या नावाने.

इंटरकॉन्टिनेन्टल ही पॅन अ‍ॅम विमान कंपनीने १९४६ साली काढलेली साखळी. पुढे बास नावाच्या एका जुन्या ब्रिटिश बीअर कंपनीने आधी हॉलिडे इन विकत घेतलं, मग १९९८ मध्ये इंटरकॉन्टिनेन्टलही. बीअरचा धंदा नंतर विकून टाकला, हॉटेलं राहिली. अशा रीतीने मेम्फिसच्या विल्सनची खोकी आणि लिंकनचं नाव सांगणारं हॉटेल एका घरात नांदायला लागली, आणि दोघांचे पॉइंट एका खात्यात पडायला लागले. विल्सनला वॉशिंग्टनच्या वाटेवर धड खोली मिळाली नाही म्हणून त्याने जे उभं केलं, त्याच्या पुण्याईवर मी वॉशिंग्टनमध्ये राहत होते.

पण आईचा प्रश्न अजून सुटला नव्हता. पैसे कुणी भरले?

याचं उत्तर मला हॉटेलच्या धंद्यातल्याच एकीकडून मिळालं. माझ्या कामाच्या वाटेवर एका एक्झिटला असंच एक हॉटेल आहे, तिथल्या मालकीणबाई गुजराती आहेत. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं आज भारतीय वंशाच्या लोकांच्या मालकीची आहेत, आणि त्यांतले पुष्कळजण गुजराती. नाव साखळीचं, पाटी साखळीची, उशांचा आकार साखळीने ठरवलेला. कर्ज मात्र यांच्या डोक्यावर. या बाई रात्रपाळीचा माणूस आला नाही की स्वतः काउंटरवर बसतात. मी उशिरा पोचले की आमच्या गप्पा होतात, त्यांचं हिंदी आणि माझं हिंदी एकमेकांना सांभाळून घेत. त्यांनीच मला समजावलं. पॉइंट जमवणारं गिऱ्हाईक राहिलं की त्याच्या बिलातला ठरावीक टक्का मालकाने साखळीच्या सामायिक निधीत भरायचा. नाव वापरण्याची फी वेगळी, जाहिरातीची वेगळी, ही आणखी वेगळी. मग तो पाहुणा जिथे पॉइंट वापरेल, त्या हॉटेलला या निधीतून पैसे मिळतात. हॉटेलात खोल्या रिकाम्या असतील तर अगदी थोडे. हॉटेल जवळपास भरलेलं असेल तर चालू दराच्या आसपास, कारण तेव्हा पॉइंटवाल्याला दिलेली खोली रोख गिऱ्हाइकाला विकता आली असती.

हे मी आईला विलर्डमधल्या पलंगावर बसून सांगितलं. तिला क्षणात कळलं. "भिशी आहे ही," ती म्हणाली. "हप्ते सगळ्यांनी भरायचे, लागते एकाला. फक्त हप्ते भरतेय ती बाई, आणि भिशी लागली तुला."

मग तिने बँकेच्या बाजूने उलटतपासणी सुरू केली. न वापरलेले पॉइंट कंपनीच्या पुस्तकात कुठे दिसतात? देणी म्हणून, मी म्हणाले. ती सेवा अजून द्यायची बाकी आहे म्हणून. बरं. एका पॉइंटची किंमत कोण ठरवतं? कंपनी. पूर्वी कुठल्या हॉटेलला किती पॉइंट याचा तक्ता तरी असे. आता बऱ्याच साखळ्यांनी तो काढून टाकला आहे, भाव रोज हलतो. आणि बरेच दिवस खात्यात काही हालचाल झाली नाही तर? तर पॉइंट संपतात.

"म्हणजे नोटा छापणारे तेच, भाव ठरवणारे तेच, आणि मनात आलं की नोट रद्द करणारेही तेच," आई म्हणाली. "आणि तू यांच्याकडे ठेव ठेवतेस!"

मला बाजू मांडता आली नाही. पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही, हे पॉइंटांच्या नादी लागलेला प्रत्येकजण दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः साठवतो.

आता हॉटेलविषयी.

आम्ही पोचलो तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलाने माझं नाव टाईप केलं, पडद्यावर काहीतरी वाचलं, आणि त्याचा स्वर किंचित बदलला. आधीही तो नम्रच होता. पण आता त्याने माझ्या निष्ठेबद्दल आभार मानले आणि आम्हाला वरच्या दर्जाची खोली देतोय म्हणाला. निष्ठा! गोदामांशी होती खरं तर. आई मागे उभी राहून त्या संगमरवरी खांबांकडे आणि त्यांच्यामधून चाललेल्या लोकांकडे पाहत होती. प्रवासाने चुरगळलेली साडी, पायात स्पोर्ट्स शूज, हातात औषधांची पिशवी. पडद्यावर माझ्या पॉइंटांच्या दर्जाची ती दोन अक्षरं नसती तर काय झालं असतं? काहीच नाही, साधी खोली मिळाली असती. पण तो स्वर बदलण्याचा क्षण माझ्या लक्षात राहिला, कारण याच हॉटेलच्या काउंटरवर तो आधीही एकदा घडून गेलाय, आणि तो किस्सा मला ठाऊक होता.

८ मार्च १८६४. धुळीने माखलेला एक फौजी माणूस तेरा वर्षांच्या मुलाचा हात धरून आत आला आणि खोली मागितली. यादवी युद्धाचे दिवस, हॉटेल अधिकाऱ्यांनी गजबजलेलं. कारकुनाने वरवर पाहिलं आणि सांगितलं, अगदी वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आहे, चालेल तर बघा. चालेल, तो माणूस म्हणाला, आणि त्याने नोंदवहीत लिहिलं: यू. एस. ग्रँट आणि मुलगा, गलीना, इलिनॉय. कारकुनाने वही फिरवून वाचली. एकदम वरची लहान खोली रद्द झाली आणि लिंकन ज्यात राहिले होते तोच सुइट रिकामा निघाला. दुसऱ्या दिवशी लिंकननी ग्रँटना लेफ्टनंट जनरलचा हुद्दा दिला, आणि लगेचच साऱ्या सैन्याची सूत्रं त्यांच्याकडे आली.

मला यात ग्रँटचा साधेपणा भावतो असं नाही. तो सगळेच सांगतात. मला तो कारकून दिसतो. खोली आधीपासून रिकामी होतीच ना? फक्त कुणाला द्यायची ते वहीवरून ठरत होतं. आता वहीच्या जागी पडदा आला. पडद्याने एक मात्र बरं केलं. ग्रँट व्हायला लढाया जिंकाव्या लागत. माझ्यासारखीला गोदामांशेजारी झोपून भागतं.

याच काउंटरची दुसरी बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वॉशिंग्टनमधली बहुतेक मोठी हॉटेलं कृष्णवर्णीय पाहुण्यांना खोल्या देत नसत. तिथली रेस्टॉरंटंसुद्धा कायद्याने त्यांना वाढायला बांधील आहेत, हे सुप्रीम कोर्टाने सांगायला १९५३ साल उजाडावं लागलं. नोंदवहीत सही करण्यापर्यंतच पोचू न देणं, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी वर्गवारी. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, २७ ऑगस्ट १९६३ च्या संध्याकाळी, मार्टिन ल्यूथर किंग विलर्डच्या लॉबीत सल्लागारांबरोबर बसून दुसऱ्या दिवशीच्या भाषणावर चर्चा करत होते. खोल्यांमध्ये चोरून ऐकण्याची यंत्रं असतील या संशयाने त्यांनी लॉबी निवडली होती, असं त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे सांगितलं. रात्री ते वर गेले आणि मसुद्यावर काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी लिंकन स्मारकापुढे त्यांनी जे सांगितलं, त्यातला जगाने पाठ केलेला भाग, 'आय हॅव अ ड्रीम', त्या मसुद्यात नव्हताच.

आम्ही त्या लॉबीत बराच वेळ बसलो. आई एका खांबाला पाठ टेकेल अशी खुर्ची बघून बसली. ते कुठल्या खुर्चीत बसले असतील असं तिने विचारलं नाही, मीही सांगायला गेले नाही. १९६८ ते १९८६ मध्ये इथल्या किती गोष्टी मूळच्या राहिल्या असतील? इमारत तीच आहे, बाकी पुष्कळसं नव्याने जुन्यासारखं केलेलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. लिंकन ज्या इमारतीत राहिले ती तर १९०१ च्या आधीच पाडून झाली होती. ही तिच्या जागेवरची. तरीही हॉटेल लिंकनचं बिल लावतंच. बिल जपलं गेलं, भिंती गेल्या. हॉटेलच्या इतिहासात टिकतात ते कागदच.

आता जरा माझं मत. जुन्या हॉटेलातली चैन खोलीत नसते, खोलीबाहेर असते. खोली छानच होती. छत उंच, दार जड, बंद झालं की बाहेरचं जग बंद. गादी चांगली, पण गादी आता सगळीकडेच चांगली असते. विल्सनच्या वारसांनी एवढं साधलं आहे. फरक दाराबाहेर पडल्यावर. एक्झिटवरच्या हॉटेलात खोलीबाहेर फक्त कॉरिडॉर असतो, बर्फाचं यंत्र असतं आणि मग पार्किंग. तिथे खोली हेच हॉटेल. १९०१ च्या माणसांना हॉटेलात यायचं ते दिसायला आणि बघायला. त्यासाठी या इमारतीच्या पोटातून एक लांबलचक दालन काढलंय, पीकॉक अ‍ॅली, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूच्या बाजूने थेट मागच्या एफ स्ट्रीटपर्यंत. नटूनथटून इकडून तिकडे चालायचं, दुतर्फा बसलेल्यांनी बघायचं. आईने ते दोनदा चालून पाहिलं. दुसऱ्यांदा साडी बदलून.

गंमत अशी की त्या दालनातून चालायला पॉइंटही लागत नाहीत आणि पैसेही. रस्त्यावरून कुणीही आत येऊन चालू शकतं, गोल आकाराच्या त्या बारमध्ये एक पेय घेऊन भिंतीवरच्या जुन्या पाहुण्यांची चित्रं बघू शकतं. मग आम्हाला जास्तीचं मिळालं काय? रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर, घरी जायची घाई नसणं. बहुधा एवढंच. पण ते थोडंथोडकं नाही.

ते उपभोगायला मला मात्र वेळ लागला. पॉइंटवर राहणाऱ्याला एक व्याधी जडते: एका पॉइंटमागे किती सेंट सुटले हे काढत राहण्याची. आजचा रोख दर किती आहे हे मी संध्याकाळी फोनवर बघितलं, रात्री पुन्हा बघितलं. दर वाढलेला दिसला तेव्हा मला आनंद झाला, जणू मी घेतलेल्या शेअरचा भाव चढला. खोली तीच, उशी तीच. झोप मात्र महाग झाली म्हणून गोड लागणार होती. आईने फोन काढून घेतला आणि स्वतःच्या उशाखाली ठेवून दिला.

झोपायच्या आधी मी तिला कूलिज यांची गोष्ट सांगितली. २ ऑगस्ट १९२३ ला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारले आणि उपराष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज त्या पदावर आले. कूलिज विलर्डमध्येच राहत होते. हार्डिंगबाईंना सावकाश आवराआवर करता यावी म्हणून ते पुढचे काही दिवस इथेच राहिले. म्हणजे तेवढे दिवस देशाचा कारभार हॉटेलातून चालला. त्या दिवसांत एका पहाटे त्यांना जाग आली तर खोलीत एक तरुण त्यांच्या कपड्यांचे खिसे तपासत होता. कूलिज त्याच्याशी बोलायला लागले. तो कॉलेजचा विद्यार्थी निघाला, हॉटेलचं बिल आणि परतीचं भाडं द्यायला पैसे नव्हते. कूलिजनी त्याला ३२ डॉलर दिले, उसने म्हणून, आणि पहारेकऱ्यांच्या नजरेस न पडता आल्या वाटेनेच जा असं बजावलं. त्याने पुढे ते फेडले. ही गोष्ट कूलिजनी एका पत्रकाराच्या कानावर घातली होती, पण ती छापून आली साठ वर्षांनी.

"बत्तीस," आई अंधारात म्हणाली. "लेखी काही घेतलं नाही?"

नाही.

"आणि तरी फेडले." थोड्या वेळाने, "त्या लिंकनसारखंच. दोघांनी दुसऱ्याच्या पैशावर मुक्काम केला, पण किती देणं आहे आणि कुणाचं, ते दोघांना माहीत होतं."

लिंकनचा विषय निघाला म्हणून सपातांचं सांगितलं. विलर्डमध्ये उतरल्यावर लिंकनच्या लक्षात आलं की सपाता आणायच्या राहिल्या. त्यांच्या पायाच्या मापाच्या सहज मिळणाऱ्या नव्हत्या. हॉटेलच्या मालकाने, हेन्री विलर्डने, आपल्या बायकोच्या आजोबांच्या आणून दिल्या, त्यांचे पाय तसेच मोठे होते म्हणून, असं सांगतात. बिलात त्या लावल्या नव्हत्या. आमच्या कपाटात पांढऱ्या सपाता होत्या, हव्या तर घरी न्या. आईने नेल्या नाहीत. माप मोठं होतं.

सकाळी नाश्ता. पॉइंटांत तो धरलेला नव्हता, माझ्या दर्जात बसत नव्हता. आम्ही चहा घेतला आणि मेनूकार्डवरचा उजवा रकाना बघून आईने टोस्ट मागवला. निघायच्या आधी तिने पर्समधून नोटा काढून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवल्या, वर हॉटेलच्याच कागदावर 'थँक यू' लिहून. खोली आवरणाऱ्या बाईंसाठी. मी म्हणाले, मी ठेवते. "तू पॉइंट ठेव," आई म्हणाली. या सगळ्या भिशीत जिच्यापर्यंत एकही पॉइंट पोचत नाही अशी ही एकच बाई, हे मी तिला सांगितलं नव्हतं. ते तिने स्वतःच शोधून काढलं होतं.

काउंटरवर त्या मुलाने विचारलं, बिल ईमेलवर पाठवू? आईने माझ्या आधी मान हलवून कागद मागितला. त्यावर चहाटोस्टचे पैसे होते, खोलीपुढे शून्य.

काही आठवड्यांनी त्या एक्झिटवरच्या हॉटेलात पुन्हा जाणं झालं. रात्रपाळीचा माणूस आला नव्हता. मालकीणबाईंना मी विलर्डचं सांगितलं, फोनवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून ते नीट बघितले. खांब बघितले, मोरांच्या नावाचं ते दालन बघितलं, खोलीच्या फोटोत पडद्यांचं कापड मोठं करून बघितलं. मग म्हणाल्या, तिथले पैसे थोडे आम्हीपण भरलेत बरं का.

हो, मी म्हणाले, आई तेच म्हणत होती.

"आणि नाश्ता? फुकट होता?"

"नाही. विकत."

"बघा," त्या किल्लीचं कार्ड माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आमच्याकडे सहा वाजल्यापासून चालू. पॅनकेकचं यंत्र नवीन आणलंय."